लिव्हर अ‍ॅब्सेस: सोनोग्राफीत पोकळी दिसली, आता पुढे?

गोव्यात मेडिसिनला नव्याने रुजू झालात की पहिला पावसाळा तापाच्या पेशंटांतच जातो. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो. या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह येतात, तरी रोज हुडहुडी भरून ताप चढतो, अन्नावरची वासना उडते. असा पेशंट दिसला की लिव्हर अ‍ॅब्सेस, म्हणजे लिव्हरमध्ये पू भरलेला फोड, मनात आणा आणि उजव्या बरगड्यांवर हात ठेवल्याशिवाय पुढच्या खाटेकडे जाऊ नका.

‘पोट दुखतं का?’ एवढं विचारून भागत नाही. पेडण्याकडच्या एक मधुमेही आजी मला म्हणाल्या होत्या, “पोटांत कांय ना पुता, खांदो दुखता.” बरगड्यांच्या फटीत एका बोटाने दाबलं मात्र, त्यांनी माझं मनगटच धरलं. फोड डायफ्रामला (छाती आणि पोटामधल्या पडद्याला) लागून असला की कळ उजव्या खांद्यात जाते, कोरडा खोकला येतो, एक्स-रेत उजवा डायफ्राम वर सरकलेला किंवा फुफ्फुसाभोवती थोडं पाणी दिसतं. मग न्यूमोनियाचे उपचार सुरू होतात आणि दिवस जातात.

रक्तात पांढऱ्या पेशी आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम वाढलेलं, अल्ब्युमिन उतरलेलं, हे नेहमीचं चित्र. पण बिलिरुबिन नॉर्मल असू शकतं, एसजीपीटी हे लिव्हरचं एन्झाइम जेमतेम वाढलेलं असतं. तेवढ्यावरून लिव्हर ठीक आहे असं समजू नका. सोनोग्राफीही सुरुवातीला चकवते. पू पातळ व्हायच्या आधी फोड भरीव गाठीसारखा दिसतो. शंका असेल तर कॉन्ट्रास्ट सीटी करा.

पोकळी दिसली की केसपेपरवर ‘लिव्हर अ‍ॅब्सेस’ लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण आत कोणता जंतू आहे आणि तो आला कुठून, हे कळल्याशिवाय निदान झालेलं नसतं. तरुण, दारू पिणारा पुरुष, उजव्या भागात एकच फोड असेल तर आपल्याकडे मन आधी अमीबाकडे झुकतं, आणि ते बरोबरही आहे. वय जास्त, मधुमेह, पित्ताचे खडे, एकापेक्षा जास्त फोड असतील तर बॅक्टेरिया जास्त संभवतात. मात्र अमीबाची सेरॉलॉजी (रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी) जुन्या संसर्गामुळेही पॉझिटिव्ह येते. शिवाय अमीबावरचं औषध मेट्रोनिडाझोल ऑक्सिजनविना वाढणाऱ्या बॅक्टेरियांनाही मारतं. त्यामुळे ‘मेट्रोने बरं वाटलं, म्हणजे अमीबाच’ हा तर्क मला मुळीच पटत नाही.

म्हणून अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी दोन वेगळ्या जागांहून ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी) घ्या. पेशंट शॉकमध्ये असेल तर मात्र कल्चरसाठी औषध अडवू नका. ब्लड कल्चर साधारण निम्म्याच पेशंटांत काही दाखवतं, तेव्हा खरा पुरावा पुवातच असतो. सोनोग्राफीखाली सुई घालून काढलेला पू स्वॅबवर पाठवू नका. हवा काढून टाकलेल्या सिरिंजमधून लगेच लॅबला न्या. अमीबिक पू बहुधा तपकिरी, बिनवासाचा असतो. दुर्गंधी आली तर अनएरोबिक (ऑक्सिजनविना वाढणाऱ्या) जंतूंचा विचार करा. सुई घालण्याआधी हायडॅटिड सिस्ट (फीतकृमीमुळे होणारी पाण्याची गाठ) नाही ना, एवढं रेडिओलॉजिस्टला विचारून घ्या.

लॅबच्या फॉर्मवर नुसतं ‘पस कल्चर’ लिहू नका. मधुमेह, पावसाळा, भातशेतीतलं काम हे तिन्ही लिहा. गोवा आणि कर्नाटक किनाऱ्यावर मेलिऑयडोसिस (माती-पाण्यातल्या बॅक्टेरियाचा संसर्ग) आढळतो. लिव्हरबरोबर प्लीहेतही बारीक फोड असतील तर तो मनात यायलाच हवा. त्याचा जंतू ‘कुठलासा स्यूडोमोनास, बाहेरून मिसळलेला’ म्हणून बाजूला पडू शकतो, आणि त्याला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनवर भागत नाही. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम लागतं.

शक्य असेल तेव्हा स्वतः मायक्रोबायोलॉजीत जाऊन कल्चरची प्लेट बघा. मधुमेह्यांत वारंवार सापडणाऱ्या क्लेब्सिएला या बॅक्टेरियाच्या काही प्रकारांची वसाहत लूपने (तारेच्या कडीने) उचलली की पाकासारखी तार सुटते. ती 5 मिलिमीटरहून लांब असेल तर जंतू शरीरात इतरत्र पसरण्याचा धोका जास्त. त्या दिवशी पेशंटला दिसणं धूसर झालंय का, डोळा दुखतोय का, हे विचारा आणि थोडी जरी शंका आली तरी नेत्रविभागाला त्याच दिवशी बोलवा. डोळ्यातला संसर्ग दृष्टी घेऊन जातो.

उगम शोधताना पित्तनलिका, पित्ताशय, अपेंडिक्स बघाच. स्टॅफिलोकोकस उगवला तर हृदयाच्या झडपांसाठी इको करा. वयस्क पेशंटमध्ये क्लेब्सिएला सापडला आणि उगम काहीच मिळाला नाही, तर ताप उतरल्यावर कोलोनोस्कोपी सुचवा, कारण मागे मोठ्या आतड्याचा कॅन्सर दडलेला असू शकतो. डिस्चार्ज कार्डावर ते ठळक लिहा, आणि घरच्यांनाही तोंडी समजावून सांगा.