भंगारातली फियाट बघायला जाताना

गोव्यात फोंड्याकडच्या एखाद्या गाडीवेड्या मित्राच्या घरी जुन्या पार्टसाठी जायचं असेल, तर आपला तुटका पार्ट पिशवीत घालूनच निघा. फोटोवर विसंबू नका. दाराचं हँडल फोटोत सारखंच दिसतं, पण आतला चौकोनी दांडा दोन मिलिमीटरने आखूड निघाला की फेरी फुकट. दुसरं म्हणजे पाने. फियाट अकराशे आणि तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी, या गाड्यांचे बोल्ट मिलिमीटरमधले, जुन्या अँबॅसेडरचे इंचातले. चुकीचा पाना लावून नट गोल केलात तर मालक तोंडावर काही बोलणार नाही, पण पुढच्या वेळी फोनही उचलणार नाही.

गोव्यातली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याला सोडत नाही. म्हणून खिशात लहान लोहचुंबक ठेवा, त्यावर पातळ फडकं गुंडाळा म्हणजे रंगाला चरे जात नाहीत. दाराच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीला लावून बघा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे! मॅट उचलून तळ अंगठ्याने दाबा. कुरकुर आवाज आला तर बॉडीचा नाद सोडा. काचा, मीटर, टेललाइट, हेडलाइटच्या रिंगा घ्या, त्या अजून कामाच्या असतात.

गंजलेल्या नटांवर पोचल्या पोचल्या गंजनाशक तेल मारायचं आणि मग चहाला बसायचं. पहिल्याच घोटाला भाव काढू नये, बाब! आधी त्यांची चालती गाडी बघा, बॉनेट उघडायला सांगा. बदल्यात द्यायला आपल्याकडचा एखादा जास्तीचा डिस्ट्रिब्युटर कॅप (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचं झाकण) नेला असेल तर पैशांची गोष्ट बहुतेक निघतच नाही.