एमएमए : 500 मात्राखंडांनंतर अडणारी साथ

एमएमए हा लिहिलेल्या मजकुरावरून साथसंगतीची मिडी फाइल (संगणकाने वाजवायच्या स्वरांची नोंद) बनवणारा प्रोग्राम. तीनतालाच्या सरावासाठी चार मात्राखंडांचे (बारचे) आवर्तन लिहून ते 150 वेळा वाजवण्यासाठी ‘रिपीटएंड 150’ ही आज्ञा दिली, तेव्हा एमएमए क्षमता ओलांडल्याची तक्रार करून थांबे आणि मिडी फाइल तयारच होत नसे. ग्रूव्ह (साथीचा तयार साचा) बदलला, फाइल नव्याने लिहिली; दोन संध्याकाळी वाया गेल्या.

मात्राखंडांची मूळ मर्यादा 500 असते आणि माझे 600 होत होते, एवढेच कारण निघाले. टर्मिनलमध्ये फाइल असलेल्या फोल्डरात जाऊन आधी प्रोग्रामचे नाव, मग जागा सोडून उणे चिन्हाला जोडलेला लहान लिपीतील रोमन ‘एम’, पुन्हा जागा सोडून 700 हा आकडा आणि शेवटी फाइलचे नाव टंकावे : ‘एमएमए -एम 700 तीनताल.एमएमए’. मिडी फाइल त्याच फोल्डरात, त्याच नावाने उतरते.