नजरेच्या इशाऱ्यावर हात हलवण्याच्या चाचणीपूर्वी

हात लुळा पडलेल्या रुग्णाच्या घरी जाऊन, त्याच्या डोळ्यांच्या हालचाली लॅपटॉपवर टिपून त्या इशाऱ्यावर हाताच्या स्नायूंना विद्युत्-उत्तेजन (हलका करंट) देण्याची चाचणी घ्यायची असेल, तर आदल्या रात्री लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी आणि चार्जर पिशवीतून बाहेर काढू नये. गेल्या खेपेस नेमके हेच राहिले. नजर एक अंश वळली, तर डोळ्याभोवतीच्या इलेक्ट्रोडवर (कातडीला चिकटवलेल्या, वीज टिपणाऱ्या चकत्यांवर) जेमतेम ५ ते २० मायक्रोव्होल्टचा फरक पडतो. भिंतीतली वीज मात्र २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची असते. तासगावकडच्या जुन्या घरांत अर्थिंगचा भरवसा नसतो. चार्जर जोडताच पडद्यावर नजर दाखवणाऱ्या बारीक रेघेचा जाड पट्टा होतो आणि नजर कुठे वळली ते त्यात शोधून सापडत नाही. शिवाय ज्याच्या अंगावर इलेक्ट्रोड आहेत, तो माणूस घरच्या विजेशी कोणत्याही वाटेने जोडलेला नसावा. म्हणून चार्जर नकोच, दहा मिनिटांसाठीही नको.

पेसमेकर, अपस्मार आणि डॉक्टरांची परवानगी यांची विचारपूस ओघाने आलीच. स्नायूकडे जाणारी नस शाबूत आहे का, हे मात्र फिजिओथेरपिस्टकडून आधीच तपासून घ्यावे. नसच निकामी असेल, तर करंट वाढवून मूठ वळत नाही, कातडी तेवढी भाजते. मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर असेल, तर उत्तेजनाने रक्तदाब एकदम चढू शकतो; म्हणून रक्तदाबाचे यंत्र न्यावे आणि डोके ठणकू लागताच उत्तेजन थांबवावे.

कपाळावरचे आणि कानशिलांवरचे खोबरेल तेल स्पिरिटने पुसावे. डोळ्यांत थेंब जाऊ देऊ नये. माणूस ज्या खुर्चीत बसून पेला उचलणार, त्याच खुर्चीत उजवी-डावी नजर नोंदवून घ्यावी. तो इकडेतिकडे पाहणारच, त्यामुळे दोनदा मुद्दाम डोळे मिटल्याखेरीज हात हलता कामा नये. थांबवण्याचे बटण घरातल्या जाणत्या माणसाच्या हाती द्यावे. ते नजरेवर सोडू नये.

उत्तेजित स्नायू लवकर थकतो, तेव्हा थोडाच वेळ घ्यावा. बॅटरी संपत आली, तर चाचणी थांबवावी, चार्जर लावू नये. इलेक्ट्रोड काढल्यावर कातडी पाहावी; लाली उतरली नसेल, तर त्या जागी पुन्हा लावू नयेत.