वाड्याचा दगड माइनक्राफ्टमध्ये: टेक्स्चर पॅक करताना काय आपलं, काय दुसऱ्याचं

मराठवाड्यातली गढी किंवा माळवदाचा वाडा माइनक्राफ्टमध्ये उभारायला कोडिंग यावं लागत नाही, रिसोर्स पॅकवर, म्हणजे गेममधली चित्रं बदलणाऱ्या फाइलींच्या संचावर भागतं. ब्लॉकच्या अंगावरचं चित्र म्हणजे टेक्स्चर. इथली माहिती जावा एडिशनची, म्हणजे गेमच्या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीची आहे.

एक फोल्डर करा. त्यात ‘पॅक.एमसीमेटा’ ही जेसन फाइल ठेवा आणि तिच्यात पॅक फॉरमॅटचा आकडा व एका ओळीचं वर्णन लिहा. गेमच्या १.२०.१ आवृत्तीसाठी आकडा १५, १.२१ साठी ३४. आकडा चुकला तर गेम पॅक लाल करून दाखवतो, पण बहुतेक वेळा चालवून घेतो. खरा घोटाळा नोटपॅड करतं: नावाच्या शेवटी गुपचूप ‘.टीएक्सटी’ चिकटवतं आणि पॅक यादीत येतच नाही. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन दिसतील अशी सेटिंग आधीच करून ठेवा.

चित्रं असेट्स, माइनक्राफ्ट, टेक्स्चर्स, ब्लॉक अशा एकात एक फोल्डरांत जातात. फाइलचं नाव रोमन लिपीत, सगळी अक्षरं स्मॉल आणि मुळाशी हुबेहूब जुळणारं हवं. गेमची जार फाइल सेव्हन-झिपने उघडली की नावं सापडतात. नावं बघा, चित्रं उचलू नका. ती गेम बनवणाऱ्या मोजांग कंपनीची आहेत. शिवाय जे टेक्स्चर तुम्ही दिलं नाही ते गेम स्वतःच मूळचं दाखवतो, म्हणजे कॉपी करायचं कारणच नाही.

आता चिरे. वाड्याच्या भिंतीचा फोटो ढगाळ दिवशी किंवा सावलीत, समोरून काढा. तिरपं ऊन असेल तर प्रत्येक ब्लॉकची एक कड उजळ येते आणि भिंतीऐवजी चौकडीचं कापड दिसतं. चौरस कापून ६४ बाय ६४ पिक्सेलवर आणा. जिम्प या चित्रं सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये ऑफसेट (चित्र सरकवणं) दोन्हीकडे ३२ आणि रॅप अराउंड द्या; कडा मधोमध येऊन फुलीसारखी रेघ दिसेल, ती क्लोन टूलने पुसा. १६ बाय १६ करायचं असेल तर फोटोच्या नादी लागू नका, एकेक पिक्सेल हाताने भरा. काळा पाषाण म्हणून निव्वळ काळा रंग दिला तर मशालीच्या उजेडात सांधे दिसत नाहीत; निळसर करडा घ्या. पांढऱ्या मातीच्या भिंतीसाठी गेममधल्या मड ब्रिक्स या ब्लॉकचं टेक्स्चर बदला.

पैठणीच्या नक्षीसाठी ग्लेझ्ड टेराकोटा हा ब्लॉक चांगला, पण ठेवताना खेळाडू ज्या दिशेला उभा असेल तसा तो ब्लॉक फिरतो. त्यावर मोर काढला तर चारांतला एखादा हमखास डोक्यावर उभा राहणार. कमळाचा पाव भाग काढा, चार ब्लॉक मिळून फूल पुरं होतं.

हक्कांची गल्लत इथेच होते. मोर, कमळ, असावली हे परंपरेचे नमुने, ते कुणीही काढावेत. आजच्या एखाद्या डिझायनरने रचलेला खास नमुना मात्र त्याचाच. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकातलं, त्यावर कुणाचा कॉपीराइट नाही; नेटवर मिळालेल्या त्याच्या फोटोवर मात्र असू शकतो. भारतात फोटोचा कॉपीराइट फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. खाली ‘साभार’ लिहिल्याने परवानगी मिळत नाही. दुसऱ्याच्या पॅकमधलं टेक्स्चर रंग बदलून, उलटं करून वापरलं तरी ते त्याच चित्राचं रूपांतर. परवाना लिहिलाच नसेल तर ‘फुकट आहे’ असं समजू नका, सगळे हक्क राखीव धरा. सीसी बाय (क्रिएटिव्ह कॉमन्सचा, श्रेय देऊन वापरायचा खुला परवाना) असेल तर नाव आणि परवाना नमूद करून वापरा. त्यापुढे एसए असेल तर तुमचं रूपांतरही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. एनडी असेल तर बदललेलं रूप वाटता येत नाही. प्रत्येक फाइलसमोर स्रोत, परवाना आणि तारीख अशी नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. पुढे तक्रार आली तर चाळीस चित्रांतलं कुठलं कुठून घेतलं हे आठवत बसण्यात अर्थ नाही.

मोजांगच्या अटींनुसार स्वतः मुळापासून बनवलेला मोड (गेममध्ये घातलेली आपली भर) तुमचा, पण तो विकता येत नाही.

झिप करताना बाहेरचा फोल्डर नव्हे, आतल्या फाइली निवडा. बदल बघायला एफ३ आणि टी एकत्र दाबा. जुनंच टेक्स्चर दिसलं तर फाइलचं नाव किंवा फोल्डर चुकलाय. जांभळा-काळा चौकडा आला तर चित्र वाचता येत नाहीये. बहुधा जेपीजीला नुसतं पीएनजी नाव दिलेलं असतं. जिम्पमधून पीएनजी म्हणून पुन्हा एक्स्पोर्ट करा.