इंग्रजीत माणसाची ओळख सांगताना ‘जो-तो’ आड येतो: या चुका टाळा

लग्नाच्या पंगतीत ‘वरण वाढताहेत ते आमचे मामा’ हे सांगायला कुणालाच व्याकरण आठवावं लागत नाही. पण मुलाखतीत किंवा बाहेरगावच्या साहेबांशी फोनवर बोलताना हेच इंग्रजीत सांगायचं म्हटलं की जीभ अडखळते. शब्द येत नाहीत म्हणून नव्हे. ‘हू’, ‘हूज’, ‘दॅट’ शाळेतच शिकवलेले असतात. गडबड होते ती मराठी वाक्याचा साचा तसाच पुढे रेटल्यामुळे. घरात अहिराणी असो, लेवा गणबोली असो की पुस्तकी मराठी, खानदेशात इंग्रजी शिकणाऱ्यांच्या तोंडी या चुका सारख्याच ऐकू येतात.

‘हू’ आला की ‘ही’ नको

सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक ही: ‘द मॅन हू सेल्स बनानाज, ही इज माय अंकल.’ मराठीत ‘जो माणूस केळी विकतो, तो माझा काका आहे’ असं वाक्य होतं. ‘जो’ आला की ‘तो’ येणारच. इंग्रजीत ही जोडी नाही. तिथे ‘हू’ एकटाच दोघांचं काम करतो. म्हणून: ‘द मॅन हू सेल्स बनानाज इज माय अंकल.’ बोलताना ‘बनानाज’नंतर श्वास घ्यायला थांबलात की ‘ही’ आपोआप घुसतो, तेव्हा तिथे थांबूच नका.

याचीच उलटी चूक: ‘द मॅन केम यस्टरडे इज माय अंकल.’ इथे ‘हू’ गायब. कारण मराठीत ‘काल आले होते ते माझे काका’ असं बिनदिक्कत म्हणता येतं. आपण ‘जो’ गाळतो आणि ‘तो’ ठेवतो. इंग्रजी नेमकं याच्या उलट करते, ‘तो’ गाळते आणि ‘जो’ ठेवते. एवढं डोक्यात पक्कं बसलं तर निम्म्या चुका तिथेच संपतात, असं माझं मत आहे.

मग ‘द मॅन आय मेट यस्टरडे’ हे बरोबर कसं? त्यात ‘हू’ कुठे आहे? इथे भेटणारा मी आहे, तो माणूस नाही. ओळखायची खूण सोपी आहे. ‘हू’च्या पाठोपाठ थेट क्रियापद येत असेल, म्हणजे ‘हू केम’, ‘हू सेल्स’, तर ‘हू’ गाळायचा नाही. ‘हू’नंतर दुसरं कुणी येत असेल, म्हणजे ‘हू आय मेट’, ‘हू माय फादर नोज’, तर गाळला तरी चालतो, आणि बोलताना इंग्रज माणूस बहुधा गाळतोच. मात्र शेवटी ‘हिम’ चिकटवू नका. ‘द मॅन आय मेट हिम’ म्हणजे पुन्हा तोच ‘तो’, मागच्या दाराने आलेला.

‘हूम’ची धास्ती घ्यायचं कारण नाही. औपचारिक लेखनात, विशेषतः ‘टु हूम’, ‘विथ हूम’ अशा ठिकाणी तो लागतो. रोजच्या बोलण्यात ‘हू’ चालतो.

‘विच’ माणसाला लावू नका

मराठीत जो मुलगा आणि जो आंबा यांना एकच ‘जो’ पुरतो. त्यामुळे ‘द बॉय विच लिव्ज इन भुसावळ’ असं तोंडातून निघून जातं. माणसांसाठी ‘हू’, वस्तूंसाठी ‘विच’. ‘दॅट’ दोघांनाही चालतो. ‘द गर्ल दॅट वन’ म्हटलं की चूक धरणारे शिक्षक अजून आहेत, पण ती चूक नाही. लिहिताना माणसासाठी ‘हू’ अधिक बरा दिसतो, इतकंच.

वडिलांचा मान आणि क्रियापद

ही अडचण खास आपली आहे. ‘माझे वडील, जे रेल्वेत काम करतात’ यात आदराचं अनेकवचन आहे. तेच इंग्रजीत शिरतं आणि भुसावळचा मुलगा म्हणतो, ‘माय फादर, हू वर्क इन द रेल्वे.’ इंग्रजीत वडील कितीही मोठे असोत, ते एकटेच असतात: ‘माय फादर, हू वर्क्स इन द रेल्वे.’ ‘हू’ला स्वतःचं वचन नसतं. त्याच्या आधी कोण आहे ते बघून क्रियापद ठरतं. ‘द फार्मर हू ग्रोज’, ‘द फार्मर्स हू ग्रो’. त्याच आदरापोटी पुढच्या वाक्यात वडिलांना ‘दे’ म्हणणारेही भेटतात. तिथे ‘ही’ म्हटल्याने मान कमी होत नाही.

स्वल्पविराम द्यायचा की नाही

आता ज्या भागाकडे सगळे काणाडोळा करतात तो. ‘पुण्यात राहणारा माझा भाऊ’ या मराठी शब्दांवरून भाऊ एक आहे की चार, हे कळत नाही. इंग्रजीत ते कळतं, तेही एका स्वल्पविरामावरून. ‘माय ब्रदर हू लिव्ज इन पुणे’ असं सलग म्हटलं तर ऐकणारा समजतो की भाऊ अनेक आहेत आणि तुम्ही पुण्यातल्याबद्दल बोलताय. ‘माय ब्रदर, हू लिव्ज इन पुणे,’ असं दोन्ही बाजूंना थांबून म्हटलं तर भाऊ एकच, आणि पुणं ही जाता जाता दिलेली माहिती. त्यामुळे ‘माय फादर हू वर्क्स’ हे स्वल्पविरामाशिवाय लिहिलं तर भलताच अर्थ निघतो. वडील एकच असतात.

नातेवाइकांच्या बाबतीत मात्र हाच स्वल्पविराम काढायला शिकावं लागतं. आपल्याकडे मावशी, आत्या, मामी, काकू या चौघी चार वेगळ्या बायका. इंग्रजीत चौघीही ‘आंट’. मग कोणती ते सांगायला शेपूट लावावीच लागते: ‘माय आंट हू लिव्ज इन धुळे’. इथे धुळं ही जादा माहिती नाही, ओळखीची खूणच आहे, म्हणून न थांबता म्हणायचं.

विशेषनामाला मात्र स्वल्पविराम जवळजवळ नेहमीच लागतो, कारण माणूस कोण ते नावानेच ठरलेलं असतं. ‘बहिणाबाई चौधरी, हू वॉज बॉर्न इन आसोदा, कुड नॉट रीड ऑर राइट.’ ‘साने गुरुजी, हू टॉट ॲट अमळनेर, रोट मेनी बुक्स फॉर चिल्ड्रन.’ ‘प्रतिभाताई पाटील, हू बिकेम प्रेसिडेंट इन २००७, वॉज बॉर्न इन जळगाव डिस्ट्रिक्ट.’ अशा वाक्यात ‘दॅट’ अजिबात चालत नाही. दोन स्वल्पविरामांच्या मध्ये फक्त ‘हू’. आणखी एक: ‘हू इज बॉर्न इन’ ही चूक सर्रास होते. जन्म होऊन गेलेला असतो, म्हणून ‘वॉज’.

ज्याचा, ज्याच्यासोबत

‘ज्याची केळी रावेरला जातात तो शेतकरी’ याचं ‘द फार्मर हू हिज बनानाज गो टु रावेर’ होतं. ‘हू हिज’ असं काही नसतं, तिथे ‘हूज’ हवा: ‘द फार्मर हूज बनानाज गो टु रावेर’. बोलताना एवढं पुरतं. लिहिताना एक काळजी घ्या: ‘हू इज’चं आखूड रूप ऐकायला अगदी ‘हूज’सारखंच असतं, पण त्यात डोक्यावर ॲपॉस्ट्रॉफी येते. खात्री नसेल तर त्या जागी ‘हू इज’ पूर्ण म्हणून बघा. वाक्य मोडलं तर ॲपॉस्ट्रॉफीशिवायचा, मालकी दाखवणारा ‘हूज’ लिहा.

‘ज्याच्यासोबत’, ‘ज्याच्याकडून’, ‘ज्याच्याबद्दल’ यांचं शेपूट आपल्याकडे ‘ज्या’लाच चिकटतं, त्यामुळे इंग्रजीत ते हरवतं. ‘द मॅन आय वर्क’ हे अर्धवट राहतं. ‘द मॅन आय वर्क विथ’ म्हणा. तसंच ‘द ट्रेडर वी सेल अवर बनानाज टु’, ‘द डॉक्टर आय टोल्ड यू अबाउट’. वाक्याच्या शेवटी ‘टु’ किंवा ‘अबाउट’ लटकलेला बघून अवघडल्यासारखं होतं, पण बोलीभाषेत तो तिथेच असतो.

शेपूट लांबवू नका

‘आय मेट द सन ऑफ द डॉक्टर हू लिव्ज इन चोपडा.’ चोपड्याला कोण राहतो, मुलगा की डॉक्टर? वर्णन ज्याचं आहे त्याला ते चिकटूनच असावं. मुलाबद्दल बोलायचं असेल तर सरळ दोन वाक्यं करा: ‘आय मेट द डॉक्टर्स सन. ही लिव्ज इन चोपडा.’ आता ‘ही’ चालतो, कारण वाक्य नवं आहे.

‘घातलेले’, ‘बसलेली’, ‘वाढणारा’ यांसाठी दर वेळी ‘हू’ लागत नाही. ‘द मॅन इन द व्हाइट कॅप’, ‘द लेडी सिटिंग निअर द डोअर’, ‘द बॉय विथ द बॅग’ ही आखूड रूपं जास्त नैसर्गिक वाटतात. फक्त जागा लक्षात ठेवा. मराठीत वर्णन आधी आणि माणूस नंतर, इथे माणूस आधी. ‘द निअर द डोअर सिटिंग लेडी’ असं होत नाही.

मुलाखतीत स्वतःबद्दल ‘आय ॲम अ पर्सन हू इज हार्डवर्किंग अँड हू इज हॅविंग गुड कम्युनिकेशन’ असं पाठ करून जाणारे बरेच असतात. त्यातले दोन्ही ‘हू’ काढा. ‘इज हॅविंग’सुद्धा काढा, कारण ‘माझ्याकडे आहे’ अशा अर्थाच्या ‘हॅव’ला ‘आयएनजी’ लागत नाही. उरलं ते म्हणा: ‘आय वर्क हार्ड अँड आय कम्युनिकेट वेल.’ आणि त्याला जोडून एखादं खरं काम सांगा.