तिसऱ्या वर्षाला इंग्रजीचे पेपर निवडताना

एसवायबीए संपत आलं की इंग्रजी घेतलेल्या मुलांचा एकच प्रश्न असतो: सगळ्यात स्कोरिंग पेपर कुठला? माझं उत्तर ठरलेलं आहे. पेपरच्या नावावर जाऊ नका, त्यात नेमलेली पुस्तकं कुठली आहेत ते बघा. 'एकोणिसाव्या शतकातील साहित्य' या नावावरून काहीच कळत नाही. त्याखाली जॉर्ज एलियटची 'मिडलमार्च' असेल तर साधारण आठशे पानं वाचायची आहेत. त्याच नावाखाली ब्राउनिंगच्या कविता असतील तर सेमिस्टर पूर्ण वेगळं जाईल.

त्याआधी एक व्यवहाराची गोष्ट. विद्यापीठाच्या सिलॅबसमध्ये दिसणारे सगळे पर्याय तुमच्या कॉलेजात मिळतीलच असं नाही. डिपार्टमेंटला दोनच शिक्षक असतील तर ते जे शिकवू शकतात तेच पेपर चालतात. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून मेजर, मायनर, इलेक्टिव्ह अशी नवी भाषा आली, पण ही अडचण तशीच आहे. म्हणून पीडीएफ वाचत बसण्याआधी मॅडमना किंवा सरांना विचारा, यंदा खरोखर काय चालू होणार आहे. एम.ए.ला मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसला गेल्यावर पर्याय वाढतात, तेव्हा तर हे विचारणं जास्तच गरजेचं.

आता वाचनाच्या वजनाबद्दल. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, आणि माझ्यासारख्या मुलांना सीनियर्स हमखास सांगतात की कादंबरी घे, गोष्ट असते, सोपी जाते. मला हा सल्ला पटत नाही. इंग्रजी सावकाश वाचणाऱ्याला कविता आणि नाटक जास्त मानवतं, कारण तिथे मूळ मजकूर तीनदा वाचून होतो. ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' ५६ ओळींची आहे. विरार लोकलमध्ये उभ्यानं, एका हाताने कडी धरूनही ती वाचून होते. पहिल्या वेळी फक्त एक सरदार आपल्या दिवंगत बायकोचं चित्र पाहुण्याला दाखवतोय एवढंच कळतं. दुसऱ्यांदा जाणवतं की हा माणूस स्वतःबद्दल नको तेवढं बोलून जातोय. तिसऱ्यांदा पाहुणा कोण, तो कशासाठी आलाय हे शेवटाकडे लक्षात येतं आणि अंगावर काटा येतो. आठशे पानांच्या कादंबरीत तिसरं वाचन कुणाला जमतं? मग गाइड आणि झेरॉक्स नोट्स येतात, आणि उत्तरात सगळ्यांचं तेच वाक्य. कादंबरी जरूर घ्या, पण एका सेमिस्टरला कादंबऱ्यांचा एकच पेपर, आणि पुस्तक सुट्टीतच सुरू करा.

भारतीय इंग्रजी साहित्याचा पेपर आपल्याला 'घरचा' वाटतो. अरुण कोलटकरांचं 'जेजुरी' नेमलेलं असेल तर मराठी मुलांना वाटतं, जेजुरी तर आपल्याला माहीत आहे. पण पहिलीच कविता बघा. एसटीच्या खिडक्यांवर ताडपत्री ओढून घेतलेली, बाहेरचं काही दिसत नाही. दिसतो तो समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्याच्या दोन काचांत दुभंगलेला प्रवाशाचाच चेहरा. म्हाताऱ्याच्या कपाळावर गंध आहे, आणि प्रवास जणू त्या गंधाच्या पलीकडे कुठेतरी चाललाय. इथे खंडोबाची माहिती लिहून भागत नाही. हा प्रवासी श्रद्धेने निघालाय की नुसता बघायला, आणि कवी त्याला 'तू' का म्हणतो, यावर लिहावं लागतं. ओळखीचं गाव असल्यामुळे वाचणं सुखाचं होतं हे खरं, काम मात्र कमी होत नाही. पेपर घ्या, मी तर आवर्जून घ्यायला सांगेन, फक्त सोपा म्हणून घेऊ नका.

क्रमही महत्त्वाचा आहे. मॉडर्निझमचा, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या पद्धती मोडणाऱ्या साहित्याचा पेपर व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या साहित्याच्या आधी घेतला तर कोण कशाविरुद्ध बंड करतंय तेच समजत नाही. टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' ही मॉडर्निझममधली गाजलेली कविता १९२२ ची, ४३४ ओळींची. एवढ्याशा कवितेत बायबल, दान्ते, शेक्सपिअर सगळे येऊन जातात. शेवटच्या भागात बृहदारण्यक उपनिषदातलं प्रजापतीचं 'द, द, द' येतं, आणि शेवट 'शांतिः शांतिः शांतिः' असा होतो. तिथे आपली मुलं एकदम सरसावून बसतात! शेक्सपिअर आधी झालेला असेल तर बाकीच्या ओळींतही असं बसता येतं.

थिअरीला, म्हणजे साहित्य कसं वाचायचं याच्या सिद्धांतांच्या पेपरला, मुलं घाबरतात आणि शेवटच्या सेमिस्टरपर्यंत ढकलतात. ती लवकर घ्या. सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाचं भाषेबद्दलचं म्हणणं एकदा डोक्यात बसलं की पुढचे बरेच फ्रेंच लेखक कुठून बोलतात ते कळायला लागतं. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाचा 'द डेथ ऑफ द ऑथर' हा निबंध तर मोजक्या पानांचा आहे, शिक्षकांनी सांगायची वाट न बघता आधीच वाचून टाका. प्राध्यापक होण्यासाठीची नेट-सेट परीक्षा द्यायची असेल तर हा पेपर टाळून चालतच नाही. नेटच्या दुसऱ्या पेपरात शंभर प्रश्न असतात, आणि समीक्षा व थिअरीचे त्यात वेगळे घटक आहेत.

अनुवादाचा पेपर मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. दोन भाषांत राहण्याची सवय इथे थेट उपयोगी पडते, आणि सबटायटल, जाहिरात, प्रकाशन अशा कामांच्या निमित्ताने मुंबईत तिला मागणीही आहे. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेलं 'पॉयझन्ड ब्रेड', म्हणजे मराठी दलित साहित्याच्या इंग्रजी अनुवादांचं संकलन, १९९२ साली आलं. दलित साहित्य इंग्रजीत कसं उतरलं हे मूळ मराठी शेजारी ठेवून तपासता येतं. दिल्ली-कोलकात्याच्या बहुतेक मुलांना हे करता येणार नाही.

बाकी थोडक्यात. मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका लायब्ररीतून काढून बघा. प्रश्न एखाद्या उताऱ्यावर येतात की कालखंडावर, यावरून अभ्यासाची पद्धत ठरते. शेक्सपिअर विकत घेताना तळटिपा असलेली आर्डेन आवृत्ती घ्या, फाउंटनच्या फुटपाथवर जुनी प्रत मिळाली तर उत्तमच. पेपर बदलावासा वाटला तर परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी ऑफिसात विचारा. फॉर्म गेला की बदल करून घेताना खेटे घालावे लागतात, आणि तोवर कॉलेजच्या अंतर्गत परीक्षा (इंटर्नल्स) येऊन ठेपलेल्या असतात.