दुसऱ्या कंपनीचा फोन घ्यावा का? आधी जुन्या फोनची झडती घ्या

नवा फोन हातात घेतला की त्याचा पडदा, कॅमेरा, वेग असं सगळं एकदम डोळ्यांत भरतं. पण कंपनी बदलणं झेपेल की महिनाभर डोक्याला ताप होईल, याचं उत्तर जुन्या फोनमध्ये असतं. गेल्या तीन-चार वर्षांत त्यात काय काय अडकून बसलंय हे एकदा मोजलं, की निम्मा निर्णय तिथेच होतो. त्यासाठी एक कागद आणि निवांत तासभर काढा.

आधी तक्रार नक्की कशाची आहे ते लिहा

'फोन नीट चालत नाही' हे कारण पुरेसं नाही. चार्जिंग दुपारपर्यंतच पुरतं, फोन अडकत अडकत चालतो, फोटो हलतात, नोटिफिकेशन उशिरा येतात, असं नेमकं लिहा. मग प्रत्येक तक्रारीपुढे एक प्रश्न टाका: याच कंपनीचा नवा फोन घेतला तर ही तक्रार जाईल का?

चार्जिंग टिकत नसेल तर बॅटरीची क्षमता बघा. आयफोनमध्ये ती सेटिंग्जमधल्या 'बॅटरी'त दिसते. अँड्रॉइडच्या बऱ्याच नव्या फोनमध्येही आता दिसते. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली गेली असेल तर दोष बॅटरीचा आहे, कंपनीचा नाही. अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी बदलून घेतली की तोच फोन पुन्हा दिवसभर साथ देतो. फोन अडकत असेल तर स्टोरेज बघा. ते काठोकाठ भरलं की कुठलाही फोन रेंगाळतो, कारण नवी माहिती लिहायला मोकळी जागा लागते. निदान दहावा हिस्सा मोकळा करा आणि चार दिवस वापरून बघा.

नोटिफिकेशन उशिरा येण्याची तक्रार शाओमी, ओप्पो, व्हिवो, रिअलमीच्या फोनांबद्दल फार ऐकू येते. बॅटरी वाचवण्यासाठी हे फोन मागे चालणारी ॲप बंद करतात. ज्या ॲपचा त्रास आहे त्याच्या माहितीत जाऊन बॅटरीसाठी 'निर्बंध नाहीत' निवडा, 'ऑटोस्टार्ट' चालू करा आणि अलीकडच्या ॲपच्या यादीत त्याला कुलूप लावा. आठवडाभर हे करूनही संदेश उशिरा येत असतील, तर ते कंपनी बदलायचं खरं कारण आहे. फोनच्या स्वतःच्या ॲपमध्ये येणाऱ्या जाहिराती, अपडेट बंद होणं, जवळपास सेवा केंद्र नसणं, कॅमेऱ्यात चेहरा नेहमी गुळगुळीत किंवा गोरा येणं, हीसुद्धा खरी कारणं. कारण त्याच कंपनीचा पुढचा फोन घेतला तरी ती बहुधा पाठ सोडणार नाहीत.

कुठून कुठे जायचंय?

अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाणं म्हणजे त्याच गल्लीत घर बदलणं. प्ले स्टोअरवर विकत घेतलेली ॲप तशीच मिळतात, संपर्क आणि फोटो गुगल खात्यातून येतात, व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगल ड्राइव्हवरून उतरतो. मागे राहतं ते त्या कंपनीच्या खास ॲपमधलं सामान: सॅमसंग नोट्समधल्या नोंदी, सुरक्षित फोल्डरमधले फोटो, कॉल रेकॉर्डिंग, व्हॉइस रेकॉर्डर, आरोग्याच्या ॲपमधली पावलांची वर्षानुवर्षांची नोंद, विकत घेतलेल्या थीम. नोंदी पीडीएफ किंवा साध्या मजकुरात काढून ठेवता येतात; सुरक्षित फोल्डरमधलं सामान आधी बाहेर काढावं लागतं.

संपर्क मात्र डोळे झाकून गृहीत धरू नका. संपर्क ॲपच्या सेटिंगमध्ये कोणते नंबर गुगल खात्यात आहेत, कोणते फक्त फोनवर आणि कोणते सिमकार्डवर, हे वेगवेगळं दिसतं. फोनवर साठवलेले नंबर आधी गुगल खात्यात हलवा. बदलानंतर 'निम्मे नंबर गेले' अशी जी ओरड होते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

अँड्रॉइड आणि आयफोन यांच्यात इकडून तिकडे जाणं हे मात्र गाव बदलणं आहे. विकत घेतलेली ॲप नव्या दुकानात पुन्हा विकत घ्यावी लागतात. जुन्या ॲप स्टोअरमधून घेतलेली वर्गणी तिथेच रद्द करावी लागते, नाहीतर फोन बदलला तरी पैसे कापले जात राहतात. आयफोन सोडणाऱ्यांनी सिम काढण्याआधी त्यात आयमेसेज आणि फेसटाइम (ॲपलच्या स्वतःच्या संदेश आणि व्हिडिओ कॉलच्या सोयी) बंद करायलाच हवं. नाहीतर इतर आयफोनवाल्यांचे संदेश तुमच्या जुन्या आयमेसेजकडे जात राहतात आणि नव्या फोनवर काहीच येत नाही. फोन आधीच हातातून गेला असेल तर ॲपलच्या संकेतस्थळावर नंबर टाकून, आलेला कोड भरून नोंदणी काढता येते. अँड्रॉइड सोडणाऱ्यांनी गुगल मेसेजेसमधलं आरसीएस, म्हणजे एसएमएसऐवजी इंटरनेटवरून संदेश पाठवायची सोय, याच कारणासाठी बंद करावं.

व्हॉट्सॲपची खरी गाठ

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. अँड्रॉइडचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जातो, आयफोनचा आयक्लाउडवर, आणि एकाचा बॅकअप दुसरा उघडत नाही. 'बॅकअप घेतलाय ना, मग झालं' असं म्हणून जुना फोन रीसेट केला, म्हणजे पुसून कोरा केला, की जुनी चॅट नव्या फोनवर येत नाही.

अँड्रॉइडवरून आयफोनवर न्यायचं असेल तर 'मूव्ह टू आयओएस' हे ॲपलचं ॲप जुन्या फोनवर लागतं. नवा आयफोन कोरा हवा, म्हणजे पहिल्या सेटिंगच्या टप्प्यावर. तो आधीच चालू करून वापरायला लागला असाल तर पुन्हा रीसेट करावा लागेल. दोन्ही फोन चार्जिंगला लावा आणि एकाच वायफायवर ठेवा. आयफोनवर दिसणारा कोड अँड्रॉइडवर टाका, यादीत व्हॉट्सॲप निवडा. हस्तांतर चालू असताना अँड्रॉइडवर दुसरं ॲप उघडू नका, पडदा बंद होऊ देऊ नका. मध्येच कॉल आला तरी काम तुटू शकतं. मोबाइल डेटा बंद ठेवला तर बरं. नंतर नव्या फोनवर तोच नंबर वापरून व्हॉट्सॲप सुरू करा. नंबर वेगळा असेल तर जुनं काही येत नाही. कॉलची यादी येत नाहीच, आणि आयफोनवर आधी काही चॅट असतील तर त्या जुन्या चॅटमध्ये मिसळत नाहीत, पुसल्या जातात.

उलट दिशेला, आयफोनवरून अँड्रॉइडवर, केबल लागते. आयफोन १५ आणि पुढचे असतील तर दोन्ही टोकांना टाइप-सी, त्याआधीच्यांना टाइप-सी ते लाइटनिंग. अँड्रॉइड फोन इथेही कोरा हवा, आणि सर्वसाधारणपणे अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढचा. सेटिंग करताना येणारा क्यूआर कोड आयफोनने स्कॅन करायचा. केबल आदल्या दिवशीच आणून ठेवा. ती नाही म्हणून हा टप्पा वगळणारे नंतर हळहळतात.

गुगल ड्राइव्हवरचा व्हॉट्सॲप बॅकअप आता तुमच्या मोफत १५ जीबीत मोजला जातो आणि आयक्लाउडवर मोफत जागा ५ जीबीच आहे, हेही हिशेबात धरा. बॅकअपला कूटबद्ध संरक्षण लावलं असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली आधी शोधून ठेवा. ती हरवली तर व्हॉट्सॲपही तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

घड्याळ, चार्जर आणि टॅग

ॲपल वॉच अँड्रॉइडला जोडता येत नाही, पूर्णविराम. गॅलेक्सी वॉच ४ पासूनची सॅमसंगची घड्याळं आणि पिक्सेल वॉच आयफोनशी बोलत नाहीत. गॅलेक्सी वॉच दुसऱ्या कंपनीच्या अँड्रॉइडवर चालतं, पण ईसीजी आणि रक्तदाब मोजण्याची अधिकृत सोय फक्त सॅमसंगच्या फोनवर मिळते. गार्मिन किंवा अमेझफिट असेल तर चिंता नाही. एअरपॉड्स अँड्रॉइडवर साधे ब्लूटूथ हेडफोन म्हणून चालतात, पण त्यांचं फर्मवेअर (त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर) तिथून अपडेट होत नाही. किल्ल्या, बॅगा शोधायला लावतात त्या टॅगचंही तसंच: ॲपलच्या एअरटॅगला आयफोन लागतो आणि सॅमसंगच्या स्मार्टटॅगला गॅलेक्सी फोन.

चार्जरचा घोळ बारीक आहे आणि फार जणांच्या लक्षात येत नाही. वनप्लस, ओप्पो, रिअलमीचे ८० वॉटचे चार्जर आपल्या पद्धतीने वेग देतात. तोच चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला लावला की कित्येकदा १०-१८ वॉटवर येतो. सॅमसंगला वेगाने चार्ज करायचं तर चार्जरवर 'पीपीएस' (वेगाने चार्ज करायची एक पद्धत) लिहिलेलं हवं, आणि ४५ वॉटसाठी केबलसुद्धा ५ अँपिअरची हवी. नव्या फोनच्या खोक्यात चार्जर नसेल तर तो खर्च फोनच्या किमतीत मिळवूनच तुलना करा. घड्याळ बदलावं लागणार असेल तर त्याचाही. कधीकधी एवढ्यावरच पारडं फिरतं.

दोन-तीन दिवस वापरून बघा

दुकानातला लखलखीत उजेड प्रत्येक कॅमेऱ्याला चांगलं दाखवतो. घरातलं किंवा नात्यातलं कोणी त्या कंपनीचा फोन वापरत असेल तर संध्याकाळी खोलीतला एक दिवा लावून, हलणाऱ्या माणसाचा फोटो काढा. पडद्याचा उजेड अगदी कमी करून दहा मिनिटं वाचा. काहींना त्या वेळी डोळ्यांवर ताण येतो, कारण उजेड कमी करण्यासाठी पडदा फार वेगाने चालू-बंद होत असतो. आडवं पडून एका हाताने धरा, म्हणजे वजन कळेल. तुमच्या घरात जिथे नेटवर्क कमी मिळतं त्या कोपऱ्यातून कॉल करा.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक खास चाचणी: 'वाऱ्यावर', 'ॲप', 'बाळ' हे तीन शब्द लिहून बघा. 'वार्‍यावर' किंवा 'वार्यावर' असं काही उमटतंय का, ॲ साठी किती वेळा दाबावं लागतं, ळ पहिल्या पानावर आहे का? रोज शंभर संदेश लिहिणाऱ्याला ही अडचण कॅमेऱ्यापेक्षा मोठी वाटते. गुगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे मिळतो, पण तुम्हाला सवय असलेली मांडणी त्यात आहे का हे आधी पाहा.

फोन परत करायची मुदत मिळत असेल तर चॅट लगेच हलवू नका. जुन्या फोनवरच्या व्हॉट्सॲपला नवा फोन जोडलेलं उपकरण म्हणून जोडता येतो. नव्या फोनवर नंबर न टाकता क्यूआर कोडने जोडायचा पर्याय निवडा. मुख्य फोन १४ दिवस न वापरल्यास जोडणी तुटते, पण पारख करायला तेवढे दिवस भरपूर झाले. फोन ठेवायचा ठरला की तो रीसेट करून वर सांगितलेलं हस्तांतर करा.

अपडेट किती वर्षं मिळणार हे विचारताना मोजणी फोन बाजारात आल्यापासून होते, तुम्ही घेतल्यापासून नाही. पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये सात वर्षांच्या वचनासह आला, म्हणजे २०२६ च्या ऑक्टोबरात घेणाऱ्याच्या हाती चारच वर्षं उरतात. जुनं मॉडेल स्वस्तात घेताना हा हिशेब करा.

बदलायचं ठरलं तर

कामाच्या दिवशी सकाळी सुरुवात करा, कारण बँकेची ॲप फोन आणि सिमला बांधलेली असतात, नव्या फोनवर पुन्हा नोंदणी लागते, आणि ती अडली तर बँकेचा माणूस फोनवर मिळायला हवा. ई-सिम (कार्डाऐवजी फोनमध्येच उतरवलेलं सिम) असेल तर ऑपरेटरकडून नव्याने घ्यावं लागेल का हे आधीच विचारा; जुना क्यूआर कोड बऱ्याचदा एकदाच चालतो, म्हणून नवं मिळेपर्यंत जुन्या फोनमधलं ई-सिम पुसू नका.

दुहेरी पडताळणीची ॲप, म्हणजे पासवर्डनंतर लागणारा कोड देणारी ॲप, विसरू नका. गुगल ऑथेंटिकेटरमधली खाती क्यूआर कोडने दुसऱ्या फोनवर नेता येतात. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरचा आयफोनवरचा बॅकअप अँड्रॉइडवर उघडत नाही, उलटही नाही. तिथे प्रत्येक खात्यात जाऊन नवा फोन जोडावा लागतो, आणि त्यासाठी जुना फोन जिवंत हवा.

म्हणून जुना फोन महिनाभर तसाच चार्ज करून ठेवा. मधल्या काळात एकदा तरी प्रत्येक बँक, ईमेल आणि कामाचं खातं नव्या फोनवरून उघडा. जुन्या चॅटमधला वर्षभरापूर्वीचा एखादा फोटो आणि एखादा व्हॉइस मेसेज उघडतोय का बघा. नुसती नावांची यादी दिसली म्हणजे सगळं आलं असं नाही.

त्यानंतर जुना फोन कोणाला द्यायचा असेल, तर तो आयफोन असल्यास आधी 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची ॲपलची सोय) बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडा. अँड्रॉइड असेल तर गुगल खातं आणि कंपनीचं खातं दोन्ही काढा. मगच रीसेट करा. क्रम उलटा झाला तर फोन सुरू होताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागू शकतो आणि घेणाऱ्याच्या हातात नुसतं खोकं पडतं. म्हणून देण्याआधी तो एकदा चालू करा, वायफायला जोडा आणि कुठलाही जुना पासवर्ड न मागता सेटिंगचा टप्पा पुढे सरकतोय हे स्वतः पाहून घ्या.